चुना भिजत घालू की नको?

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातली आमच्या ख्रिस्ती दफनभूमीच्या कायापालटाची बातमी वाचली. लगेच लिहायला बसले होते, पण रागात माझे अक्षर बिघडते, म्हणून रात्र जाऊ दिली. अक्षराचा मुद्दा पुढे येणारच आहे.

एकसारख्या ग्रॅनाइटच्या पाट्या, मधे हिरवळ, स्वच्छतेचे वार्षिक कंत्राट, आणि 'यामुळे कुटुंबीयांची दरवर्षीची यातायात वाचणार आहे' असे आपले वार्ताहर लिहितात. हे वाक्य दफनभूमी समितीच्या पत्रकातले की वार्ताहरांचे स्वतःचे, ते कळले नाही. कुणाचेही असो, आमची यातायात वाचवा असा अर्ज केला होता कुणी? मी नाही, माझ्या भावाने नाही. आमच्या रांगेतल्या ज्या आठ-दहा घरांना मी ओळखते त्यांच्यापैकी कुणी केला असेल, तर २ नोव्हेंबरला, आमच्या मृतांच्या स्मरणदिनी, भेट होईलच.

आमची यातायात अशी. ३१ ऑक्टोबरच्या रात्री कळीचा चुना बादलीत भिजत घालायचा. त्यात चिमूटभर नीळ आणि थोडा डिंक, म्हणजे हाताला लागत नाही. १ तारखेला सकाळी बादली, कुंचा, खराटा, नारळाच्या शेंड्या आणि पाण्याचे दोन कॅन घेऊन जायचे (नळ आहे, त्याला पाणी नसते, कायापालटात त्याचा उल्लेख दिसला नाही). गवत उपटायचे, चौथऱ्याला चुना लावायचा, शहाबादी फरशी शेंडीने घासायची आणि कोरलेल्या अक्षरांत बारीक ब्रशने काळा रंग भरायचा. दुसऱ्या दिवशी शेवंती, मेणबत्त्या, एक गीत, एक प्रार्थना आणि घरून नेलेला चहा. झाली यातायात.

आमच्या फरशीवर वरचे नाव आजोबांचे. नगरहून येऊन खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागले आणि १९५२ साली गेले. मी त्यांना पाहिलेले नाही. त्यांचा फोटोही पाहिलेला नाही, कारण घरातले सगळे फोटो, बाप्तिस्म्याचे दाखले आणि आजीच्या लग्नातले शुभवर्तमान एका ट्रंकेत होते आणि ती ट्रंक १२ जुलै १९६१ ला फुटलेल्या पानशेत धरणाच्या पाण्याबरोबर पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या खोलीतून गेली. तेव्हा आजोबांचा लेखी पुरावा म्हणाल तर ती फरशी. तिच्यावर पाथरवटाने 'ख्रीस्तवासी' असे दीर्घ वेलांटी देऊन कोरले आहे. १९७४ साली आजीला त्याच कबरीत ठेवले, तेव्हा पपांनी पाथरवटाच्या डोक्यावर उभे राहून खाली 'ख्रिस्तवासी' ऱ्हस्व करून घेतले. म्हणजे एकाच फरशीवर नवरा दीर्घ आणि बायको ऱ्हस्व. पपा जुन्या फायनलचे (म्हणजे मराठी सातवीचे), शुद्धलेखनाला कडक. आमच्या वह्यांवर लाल शाई ओतायचे. पण दर १ नोव्हेंबरला तीच चुकीची वेलांटी जीभ दाताखाली धरून काळी करायचे. मी एकदा म्हटले, नुसती ऱ्हस्वच रंगवा ना, कोण बघतंय. म्हणाले, "तुझ्या आजीनं बावीस वर्षं हीच रंगवली. तिला वाचता येत होतं."

आता समितीच्या फॉर्ममध्ये (भावाच्या मोबाइलवर आला आहे) 'पाटीवरील मजकूर शुद्धलेखन तपासून द्यावा' अशी ओळ आहे. कमाल अक्षरे साठ.

गेल्या वर्षी जे झाले ते वार्ताहरांना कुणी सांगितलेले दिसत नाही, म्हणून सांगते. आम्ही १ तारखेला पोचलो तर आमची अख्खी रांग पांढरीशुभ्र. चौथरे, क्रूस, फरश्या, सगळ्यांवर एकजात पांढरा सिमेंटचा रंग मारलेला. पाऊस संपल्यावर कुणा कंत्राटदाराला 'रंगरंगोटी' दिली होती आणि त्याने नावे-गावे न बघता ब्रश ओढला होता. अक्षरांच्या खाचा बुजून गेल्या होत्या. राखणदार बिचारा म्हणाला, "ताई, वरून ऑर्डर होती." मी चुन्याची बादली खाली ठेवली आणि केसातली पिन काढली. पिन वाकली. मग भावाच्या स्कूटरच्या डिकीतला स्क्रू ड्रायव्हर. एकेका अक्षराची खाच उकरत अडीच तास बसलो. आजोबा त्या दिवशी मोकळे झाले, आजी दुसऱ्या दिवशी. पपांची फरशी वेगळी आहे, छोटी, कारण मोठीवर जागा उरली नव्हती. ती अजून अर्धी पांढरीच आहे.

भावाचा नातू बरोबर होता, वय वर्षे नऊ, इंग्रजी शाळेत. मराठी तो अक्षर लावून वाचतो. इथे तर अक्षर उकरून वाचायचे होते, त्यामुळे त्याला ते फार आवडले. 'ख्र' निघाला, मग वेलांटी निघाली, आणि म्हणाला, "आजी, धिस इज राँग." पपांच्या पश्चात पहिल्यांदा कुणीतरी ती चूक काढली. या वर्षी ब्रश त्याच्या हातात द्यायचे ठरले आहे. ग्रॅनाइटवर मशीनने कोरलेल्या पाटीत तो काय रंगवणार, ते समितीने कळवावे.

समितीची बाजू अगदीच खोटी आहे असे म्हणत नाही. जागा कमी आहे, गुडघाभर गवत वाढते, पावसाळ्यात जनावर निघते, ज्यांची मुले ऑस्ट्रेलियात आहेत त्यांच्या कबरींकडे बघायला कुणी नाही. त्यांना द्या की कंत्राटी सेवा. गवत काढा, नळाला पाणी आणा, सगळे दुवा देतील. पण माझ्या आजोबांना आंघोळ घालायला मला माणूस लावून हवा आहे, हे कुणी ठरवले?

आता बातमीतल्या चौकटीबद्दल. 'ख्रिस्ती बांधवांचा पितृपंधरवडा' हे शीर्षक ज्यांना सुचले त्यांचे कौतुक. आमच्याकडे पंधरवडा नाही, एकच दिवस आहे, २ नोव्हेंबर, आणि ती भाद्रपद वद्यात येत नाही. कॅथलिकांकडे त्या दिवशी मृतांसाठी मिस्सा होते, फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडतात. आमची आजी अमेरिकन मिशनातली, म्हणजे प्रॉटेस्टंट. नगरला ते मिशन १८३१ पासून, आणि त्याचा कडकपणा आजीत पुरेपूर उतरला होता. मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची नाही, त्यांच्याबद्दल देवाचे उपकार मानायचे, कबरीशी बोलायचे तर मुळीच नाही. हे आम्हाला बजावून झाले की ती कुंचा घेऊन चौथऱ्याच्या पलीकडे जायची आणि आजोबांना ज्वारीचा भाव सांगायची. आम्हाला ऐकू यायचे. तेव्हा वार्ताहरांचे अगदीच चुकले असेही नाही, पण विचारून लिहायला हरकत नव्हती.

वाईट वाटले ते शीर्षकापेक्षा त्याच्या सुरातल्या 'बघा, हे पण करतात' याचे. याच पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमधल्या एका चहावरून ग्रामण्य (जातीबहिष्काराचा वाद) झाले आणि ते थेट रानडे-टिळकांपर्यंत पोचले. पण पुरानंतर आम्ही रास्ता पेठेत राहायला आलो, तिथे शेजारच्या काकू सर्वपित्रीचे वडे आणि खीर आमच्याकडे पाठवायच्या आणि २ नोव्हेंबरची उरलेली शेवंती आमच्याकडून न्यायच्या. माझी वर्गातली बेने इस्रायल (मराठी ज्यू) मैत्रीण तिच्या आजोबांच्या कबरीवर फूल नाही, खडा ठेवायची. मला ते तेव्हा कंजूषपणाचे वाटायचे. उद्या त्यांच्याकडेही कुणी 'कायापालट' काढला तर कंत्राटदाराचा माणूस ते खडे पहिल्याच दिवशी कचऱ्यात टाकील. त्याला काय माहीत?

विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक. पपा गेले तेव्हा आपल्याच वृत्तपत्राच्या काउंटरवर मी स्वतः, सुवाच्य अक्षरात, 'ख्रिस्तवासी' लिहून निधनाची जाहिरात दिली होती. ऱ्हस्व. दुसऱ्या दिवशी छापून आले 'कै.' पपांना कैलासाबद्दल आदर होता, पण तिकडे जायचे त्यांनी ठरवलेले नव्हते. फोन केला तर उत्तर मिळाले की आमच्या साच्यात तेच बसते. पैसे शब्दांवर घेतले होते, आणि 'कै.' लहान पडतो, तेव्हा काही परत मिळेल का, असेही मी विचारले. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. मी ३४ वर्षे टपाल खात्यात काढली. उत्तर यायला वेळ लागतो हे मला मान्य आहे, पण आता पुष्कळ झाला.

असो. या पत्रातले काय गाळायचे ते गाळा, पण एक काम करा. २ नोव्हेंबरपूर्वी नव्या पाट्यांचे काम सुरू होणार असे बातमीत आहे, कधी ते नाही. जुन्या फरश्या काढून कुठे ठेवणार, हेही नाही. १ तारखेला सकाळी सात वाजता फाटक उघडे असेल का आणि आमच्या रांगेला हात लागलेला असेल का, एवढे वार्ताहरांनी समितीला विचारून ३० तारखेपर्यंत छापावे. चुना आदल्या रात्री भिजत घालावा लागतो, म्हणून घाई.

आपली,
वानवडीची एक वाचक
(नाव-पत्ता सोबत दिला आहे, छापू नये. छापलाच तर निदान शुद्धलेखन माझे ठेवावे.)