अँटिबॉडी हा अर्धाच हिशेब

करोना लशीनंतर काही महिन्यांत अँटिबॉडी घटल्या म्हणजे संरक्षणही संपले, असे सुचवणारा आपल्या रविवारच्या अंकातील लेख वाचला. त्याचा निष्कर्ष घाईचा वाटतो. अँटिबॉडी विषाणूला पेशीबाहेर अडवतात, पण तो आत शिरल्यावर बाधित पेशी हुडकून मारण्याचे काम टी-पेशींचे (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) असते आणि त्यांची स्मृती चिवट असते. सिंगापूरमधील संशोधकांनी २००३ च्या सार्स या करोना विषाणूंपैकीच एकामुळे होणाऱ्या आजारातून बरे झालेल्या २३ जणांचे रक्त तपासले, तेव्हा १७ वर्षांनंतरही त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी त्यांच्यात आढळल्या आणि त्या नव्या करोना विषाणूच्या प्रथिनालाही प्रतिसाद देत होत्या, हे २०२० मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहे. तरीही टी-पेशींची चर्चा कमी होते, कारण त्या मोजणे जिकिरीचे आहे. अँटिबॉडीसाठी गोठवून ठेवलेला रक्तद्रव चालतो. इथे पेशी जिवंत लागतात, त्या रक्तातून वेगळ्या काढून विषाणूच्या प्रथिनांच्या तुकड्यांसोबत रात्रभर ठेवाव्या लागतात आणि मग तबकडीवर प्रतिसाद देणाऱ्या पेशींमुळे उमटलेले ठिपके मोजावे लागतात. (ते मोजण्यात माझे डोळे शिणले आहेत, म्हणून थोडे हक्काने लिहितो.) लशींच्या चाचण्यांत या तपासणीसाठी वेगळी तरतूद हवी आणि तोवर निदान बातमीत तरी केवळ अँटिबॉडीच्या आकड्यावरून लस निकामी ठरवू नये.

— एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, पुणे