खिडकी कोणत्या दिशेला, हेही सांगा

महोदय,

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त आम्ही उभयतांनी नाशिकहून मुंबईला जाऊन दोन रात्री केवळ विश्रांती घ्यायचे ठरवले, तेव्हा पंचतारांकित हॉटेलांपैकी कोणते निवडावे हा प्रश्न वाटला होता त्याहून अवघड निघाला. गेटवेच्याही आधी, १९०३ साली सुरू झालेले ताजमहाल हॉटेल पूर्वेच्या बंदराकडे पाहते, त्यामुळे तिथे सूर्योदय लाभतो; पण जुन्या वास्तूतली खोली आणि शेजारच्या उंच मनोऱ्यातली खोली यांत बराच फरक आहे, आणि सुटीच्या दिवशी समोर गर्दीही फार असते. नरिमन पॉइंटच्या ओबेरॉय व ट्रायडंटमधून मात्र मरीन ड्राइव्हची वळणदार कड आणि सूर्यास्त दिसतो.

आम्ही अखेर दुसऱ्याच एका हॉटेलात जादा पैसे मोजून ‘समुद्रदर्शनी’ खोली घेतली. प्रत्यक्षात काचेला गाल टेकवल्यावर दोन इमारतींच्या फटीतून हातभर पाणी दिसले. पत्नीने काही न बोलता पडदा ओढून घेतला, याचे मला फार वाईट वाटले.

साडेसात हजारांवरील भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, तोही आम्हाला पैसे भरण्याच्या शेवटच्या टप्प्यावरच कळला. खोलीची दिशा, मजला, खिडकीतून काढलेले खरे छायाचित्र आणि करासह एकूण रक्कम हॉटेलांनी नोंदणीच्या पहिल्याच पानावर द्यावी, आणि पर्यटन विभागाने ते बंधनकारक करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, नाशिक