उड्डाणपुलाच्या सांध्यांचा आवाज सरासरीत हरवतो

महोदय,

उड्डाणपुलालगतच्या रहिवाशांनी आवाजाची तक्रार केली की संबंधित यंत्रणेकडून बहुधा दोनच उत्तरे मिळतात : कठड्यावर ध्वनिरोधक बसवू, किंवा मोजणीत पातळी फारशी जास्त आढळली नाही. मी यंत्र अभियांत्रिकीचा निवृत्त अध्यापक असून मुंबईतील अशाच एका पुलासमोर चौथ्या मजल्यावर राहतो. ही दोन्ही उत्तरे आमच्या मूळ दुखण्याला स्पर्शही करत नाहीत.

हे दुखणे म्हणजे पुलाचे सांधे. उन्हाने काँक्रीट प्रसरण पावते म्हणून पुलाच्या दोन गाळ्यांमध्ये (दोन खांबांवर टेकलेल्या भागांमध्ये) फट ठेवून तिच्यात रबराची पट्टी बसवतात. पट्टी झिजली किंवा एक कड खचली की अवजड वाहनाचे चाक पलीकडच्या कडेवर आदळते आणि त्या धक्क्याने संपूर्ण गाळा कंप पावतो. पेटीसारख्या पोकळ गाळ्यातून हा घुमणारा आवाज पुलाच्या पोटाकडूनही बाहेर पडतो. वरच्या कठड्यावरील ध्वनिरोधक त्याला कसा अडवणार? शिवाय ध्वनिरोधक उपयोगी पडतो तो प्रामुख्याने वाहन आणि खिडकी यांच्यातील सरळ रेषा तुटते तेव्हा. वरच्या मजल्यांना त्याचा लाभ नाही. त्यातही 100 हर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे साडेतीन मीटर, म्हणजे ध्वनिरोधक भिंतीच्या उंचीइतकीच असल्याने असा ध्वनी भिंतीवरून सहज वळून येतो.

आता मोजणीविषयी. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबलची मर्यादा आहे. पण ती काळावर पसरलेली सरासरी आहे. समजा, परिसरात सतत 50 डेसिबल आवाज आहे आणि दर पाच मिनिटांनी अर्धा सेकंद 70 डेसिबलचा दणका बसतो. हिशेब केला तर सरासरी एका डेसिबलनेसुद्धा वाढत नाही, झोप मात्र तासाला बारा वेळा मोडते. त्यातच मोजणीसाठी वापरला जाणारा ‘ए’ भार, म्हणजे कानाला कमी ऐकू येणारे खर्जातले ध्वनी कमी धरणारी पद्धत, 63 हर्ट्‌झच्या ध्वनीतून सुमारे 26 डेसिबल वजा करतो. खिडकीची तावदाने ज्या आवाजाने थरथरतात, तोच कागदावर जवळजवळ नाहीसा होतो.

हॉर्नविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते आणि ते योग्यच आहे. आवाज 85 डेसिबलच्या वर गेला की लाल दिवा लांबवणारा मुंबई पोलिसांचा सिग्नल 2020 मध्ये चांगलाच गाजला होता. परंतु रात्री दोन वाजता रिकाम्या पुलावरून जाणारा ट्रकचालक हॉर्न वाजवत नाही, त्याचे चाक तेवढे आदळते.

म्हणून सांध्यांची दुरुस्ती हा केवळ पुलाच्या मजबुतीचा विषय न मानता ध्वनिनियंत्रणाचे काम म्हणून तिची नोंद व्हावी. सांधे बदलण्यापूर्वी आणि बदलल्यानंतर, रात्रीच्या वेळी, किमान तीन वेगवेगळ्या मजल्यांवर सरासरीबरोबर कमाल पातळी व कमी वारंवारितेचा ध्वनीही मोजावा आणि ते आकडे जाहीर करावेत. अशा मोजणीची उपकरणे शहरातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत आहेत, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवेच असतात.

आपला,
एक निवृत्त अध्यापक, मुंबई