एलीयाला आधी भाकर मिळाली

रावेर

चि. बाळास,
येशूच्या नावात अनेक आशीर्वाद.

परवा तू विचारलंस, "आबा, रोज प्रार्थना करतो तरी रात्री छातीत धडधडतं, नोकरी जाईल याचीच भीती वाटते. माझा विश्वास कमी पडतोय का?" फोनवर हे पुरेसं बोलून होत नाही, म्हणून लिहितोय.

बायबलात 1 राजे, अध्याय 19 काढून सावकाश वाच. कर्मेल डोंगरावर बआल दैवताच्या 450 संदेष्ट्यांपुढे एकटा उभा राहिलेला देवाचा संदेष्टा एलीया, ईजबेल राणीचा एक निरोप आला आणि जीव मुठीत धरून पळाला. रानात एका झुडपाखाली बसून त्याने देवाकडे मरण मागितलं. अशा माणसाला अविश्वासू कोण म्हणेल? देवानेही म्हटलं नाही. दूत पाठवला, उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी ठेवलं. खाऊन तो परत झोपला, तर झोपू दिलं. पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घातलं. देवाचा शब्द पुढे होरेब डोंगरावर आला, आधी जेवण आणि झोप.

म्हणून पहिलं सांगणं हेच: रात्रीचं जेवण टाळू नकोस. नुसत्या चहा-बिस्किटावर राहतोस हे तुझ्या मायला आवाजावरूनच कळतं. तिने कळण्याचं पीठ पाठवलंय.

होरेबावर देवाने विचारलं, "एलीया, तू येथे काय करतोस?" त्याने सगळं गाऱ्हाणं सांगितलं. मग वारा, भूकंप, अग्नी झाला, मंद वाणी आली, देवाने तेच परत विचारलं आणि एलीयाने शब्दही न बदलता तेच गाऱ्हाणं परत सांगितलं. देवाने दोन्ही वेळा ऐकून घेतलं. तेव्हा तीच ती प्रार्थना करायला लाजू नकोस. "प्रभू, सांभाळ" एवढ्यावर थांबू नकोस. साहेब काय बोलले, हप्ता किती, कशाची धास्ती वाटते, सगळं नाव घेऊन सांग. प्रेषित पौलाने कैदेतून फिलिप्पै शहरातल्या मंडळीला हेच लिहिलं: मागणी देवाला कळवा, तीही आभार मानून.

उन्हाळ्याच्या शेवटी केळीचे घड भरलेले असताना वादळ सुटलं की मीही रात्रभर जागा असतो. वावरात जाऊन बांधावर उभा राहून प्रार्थना करतो. काही वर्षी बाग वाचली, काही वर्षी आडवी झाली. पडलेल्या वर्षीही सकाळी मजुरांशी धडपणे बोलता आलं, बँकेत जाऊन उभं राहता आलं. ते बळ माझं नव्हतं, एवढं मी खात्रीने सांगतो.

आणि एलीया म्हणत होता, मी एकटाच उरलोय. देवाने सांगितलं, इस्राएलात अजून 7,000 जण आहेत. तुझ्या मंडळीतही कुणी असेल. पाळकांना भेट, तरुणांच्या प्रार्थनेला जाऊन बस. आणि झोप अशीच उडत राहिली तर डॉक्टरांना दाखव. आपल्या खान्देशात चिंचपाड्याच्या मिशन हॉस्पिटलात औषध आणि प्रार्थना शेजारी शेजारी चालतात. त्यात विश्वासाला कमीपणा कसला?

रविवारी उपासनेनंतर फोन कर. डॉक्टरांकडे कधी जातोस ते सांग, मी बरोबर यायला निघतो.

तुझे आबा