घरगुती मॉडमधला सेल निवडताना

महोदय,

ई-सिगारेट खिशात पेटली किंवा तोंडाशी फुटली, की बातमीत ‘बॅटरीचा स्फोट झाला’ एवढेच छापून येते. सेल कोणता होता, द्रव तापवणारी तार म्हणजे कॉइल किती ओहमची होती, सेल आणि बटण असलेला भाग म्हणजे मॉड कारखान्यातला होता की घरी जोडलेला, यातले काहीच कळत नाही. वाचणाऱ्याला वाटते, बिचाऱ्याचे नशीब खोटे. वास्तविक या अपघातांमागचे गणित शाळेत शिकलेल्या ओहमच्या नियमापलीकडे फारसे जात नाही. ई-सिगारेट ओढावी का, हा प्रश्न वेगळा. माझे उत्तर ‘नको’ असेच आहे, आणि जिथे कायद्याने बंदी आहे तिथे तो विषयच मिटतो. पण घरी मॉड जोडणारे हात आहेत, ते अर्धवट माहितीवर जोडतात, आणि भाजतात. म्हणून हे पत्र.

मॉडमध्ये बहुधा १८६५० हा सेल असतो. १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, शेवटचे शून्य म्हणजे आकार नळकांड्याचा. पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट, सरासरी ३.६ ते ३.७. सेल घेताना जो तो एमएएचचा (मिलिअँपिअर-तासांचा) आकडा बघतो. हा आकडा टाकी केवढी ते सांगतो, नळ किती सोडता येईल ते सांगत नाही. मॉडला नळ महत्त्वाचा, म्हणजे सेल न तापता सतत किती अँपिअर देऊ शकतो ते. एकाच आकाराच्या डब्यात या दोन गोष्टींची ओढाताण असते: आतल्या पट्ट्यांवरचा लेप जाड केला की साठा वाढतो, पण करंट देण्याची ताकद घटते. सॅमसंगचा २५आर हा सेल २५०० एमएएचचा आहे आणि सतत २० अँपिअर देतो. त्याच कंपनीचा ३०क्यू ३००० एमएएचचा, पण त्याची मर्यादा १५ अँपिअर. जास्त एमएएचचा म्हणून ३०क्यू उचलणारा माणूस नकळत पाच अँपिअर गमावून बसतो. लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधून काढलेले सेल तर मॉडमध्ये घालूच नयेत. ते सावकाश करंट देण्यासाठी बनवलेले असतात.

वेष्टनावरच्या छपाईवर विश्वास ठेवू नये. ‘पल्स’ म्हणून छापलेला मोठा आकडा काही सेकंदांपुरता असतो आणि ते सेकंद किती, हे ज्याचे तो ठरवतो. हिशेब नेहमी सतत करंटचाच करावा, तोही सेल बनवणाऱ्या मूळ कंपनीच्या डेटाशीटवरून, म्हणजे तांत्रिक माहितीपत्रकावरून. चांगले १८६५० सेल बनवणारे कारखाने मोजके आहेत. बाकीचे पुष्कळ ब्रँड दुसऱ्याचा सेल घेऊन त्यावर आपले रंगीत वेष्टन चढवतात. १८६५० आकारात नेहमी मिळणाऱ्या सेलची क्षमता ३५०० एमएएचच्या आसपास संपते, त्यामुळे ९९०० एमएएच छापलेला सेल खोटाच. काट्यावर ठेवून बघा: खरा सेल साधारण ४५ ग्रॅम भरतो. तीसेक ग्रॅमचा निघाला तर आत काय आहे ते न बघितलेलेच बरे.

नावातली अक्षरेही उपयोगाची आहेत. आयसीआर म्हणजे कोबाल्टवाला, आयएमआर मँगनीजचा, आयएनआर निकेल असलेला, आयएफआर लोह-फॉस्फेटचा. मॉडसाठी आयएमआर किंवा आयएनआर. आयसीआर तापला की लवकर बिघडतो आणि जोरात पेटतो. आयएफआर सर्वांत शांत, पण ३.२ व्होल्टचा, त्याला चार्जरही वेगळा लागतो. ‘प्रोटेक्टेड’ सेल इथे कामाचा नाही. त्यातली संरक्षक सर्किटची छोटी पाटी मॉडला लागणाऱ्या करंटला बंद पडते, शिवाय तिच्यामुळे सेल तीन-चार मिलिमीटर लांब होतो आणि नळीत दाबून बसवावा लागतो.

आता ओहम. व्होल्टला ओहमने भागले की अँपिअर. भरलेला सेल ४.२ व्होल्टचा. कॉइल ०.५ ओहमची असेल तर ८.४ अँपिअर, ०.३ ची असेल तर १४, ०.२ ची असेल तर २१, ०.१५ ची असेल तर २८. २० अँपिअरच्या सेलवर ०.२ ओहम म्हणजे पहिल्याच झुरक्याला मर्यादा ओलांडली. माझ्या मते एका सेलच्या मॉडमध्ये ०.३५ च्या खाली जाऊ नये: १२ अँपिअर खेचले जातात आणि सेल निवांत राहतो. यात एक फसगत असते. साध्या मल्टिमीटरच्या वायरींचाच रोध ०.१ ते ०.३ ओहम असतो, त्यामुळे त्याने कॉइल मोजणे म्हणजे तराजूच्या वजनासकट भाजी तोलण्यासारखे. कॉइलसाठी वेगळा ओहममीटर लागतोच. आणि सर्किटवाल्या मॉडमध्ये हिशेब उलटा चालतो. ते वॉट कायम ठेवते, म्हणून सेल उतरत जाईल तसा करंट चढत जातो. ६० वॉटवर भरलेल्या सेलमधून १६ अँपिअर जात असतील, तर ३.२ व्होल्टवर तोच आकडा २१ वर जातो. यात सर्किटची १० टक्के गळती धरली आहे.

नळीच्या आकाराचा, नुसत्या बटणावर चालणारा मेकॅनिकल मॉड घरी बनवूच नये. त्यात करंट अडवणारे काहीच नसते. आणखी धोका वरच्या जोडाचा. सेलचे पॉझिटिव्ह टोक म्हणजे मधले बटण तेवढे. त्याच्या कडेची गोल धार मात्र निगेटिव्ह असते, कारण सेलचा सगळा डबाच निगेटिव्ह आहे. दोघांच्या मध्ये कागदाची पातळ पांढरी चकती आणि वेष्टनाची दुमड, एवढेच संरक्षण. मॉडवर बसणाऱ्या, द्रव आणि कॉइल असलेल्या टाकीची मधली पिन पुरेशी बाहेर आलेली नसेल तर टाकीचे मळसूत्र बटणावर आणि धारेवर एकदम टेकते आणि सेल जागेवर शॉर्ट होतो. चांगल्या सेलचा अंतर्गत रोध २० ते ३० मिलिओहम, म्हणजे शॉर्टमध्ये शंभराहून जास्त अँपिअर वाहणार. वेष्टनाला नखाएवढी चीर पडली तरी हेच होऊ शकते. चीर दिसली की सेल वापरातून काढावा, नवी पांढरी चकती बसवावी आणि चपटे असताना २९ ते ३० मिलिमीटर रुंदीचे वेष्टन चढवून गरम हवेने आवळावे.

बनवायचाच असेल तर डब्याच्या आकाराचा, मॉसफेट या इलेक्ट्रॉनिक स्विचवर चालणारा बनवावा. मोठा करंट बटणातून नेला तर त्याचे टोक जळते किंवा चिकटून बसते. मॉसफेट तो भार उचलतो आणि बटणातून नुसता इशारा जातो. आयआरएलबी ३०३४ हा एन-चॅनल मॉसफेट या कामी बराच वापरला जातो. त्याचे पाय तीन: सोर्स, ड्रेन आणि गेट. सोर्स सेलच्या निगेटिव्हला, ड्रेन कॉइलच्या निगेटिव्ह बाजूला, बटण पॉझिटिव्ह आणि गेटच्या मध्ये, आणि गेट ते सोर्स १५ किलोओहमचा रेझिस्टर. हा रेझिस्टर विसरला तर बटण सोडल्यावरही गेटवर चार्ज राहतो आणि कॉइल तापतच राहते. डबा धातूचा असेल तर तो टाकीच्या जोडामार्फत ड्रेनशी जोडलेला असतो. सेलचा निगेटिव्ह कुठेही डब्याला लागला की मॉसफेटला वळसा पडतो आणि बटण न दाबता मॉड पेटता राहतो. म्हणून सेलच्या होल्डरखाली आणि वायरींच्या वळणांवर इन्सुलेशन द्यावे. दुसरी गोष्ट, या मॉसफेटचा कमी रोध डेटाशीटमध्ये गेटवर ४.५ आणि १० व्होल्ट असताना दिला आहे. एका सेलवर गेटला ४.२ पेक्षा जास्त कधीच मिळत नाही, सेल उतरल्यावर तर त्याहून कमी. तेव्हा तो अर्धवट उघडतो आणि तापतो. विश्रांतीत व्होल्टेज ३.५ वर आले की सेल काढून चार्जला लावावा.

मॉसफेट जळतो तेव्हा बहुधा आतून शॉर्ट होऊनच जळतो, म्हणजे मॉड आपोआप चालू होऊन बसतो. यासाठी पॉझिटिव्हवर, सेलच्या जितक्या जवळ बसेल तितक्या जवळ, गाडीत वापरतात तसला ब्लेड फ्यूज हवाच, आणि एक मुख्य स्विचही. फ्यूज कामाच्या करंटपेक्षा थोडा वर आणि सेलच्या मर्यादेच्या खाली: १२ अँपिअरची कॉइल, १५ चा फ्यूज, २० चा सेल. थोडा जास्त भार आला तर हा फ्यूज सावकाश उडतो, मिनिटेही लागतात, त्यामुळे कॉइलचा हिशेब चुकवून फ्यूजच्या भरवशावर राहता येत नाही. पण थेट शॉर्ट झाला तर तो लगेच उडतो. कॉइलपर्यंतच्या वायरी सिलिकॉन आवरणाच्या, १४ गेजच्या, जमतील तेवढ्या आखूड. २० अँपिअरला जोडात १० मिलिओहम रोध राहिला तर तिथेच ४ वॉट उष्णता तयार होते. पातळ स्प्रिंगचे प्लास्टिक होल्डर याच कारणाने वितळतात: स्प्रिंग तापते, बसते, दाब कमी होतो, रोध वाढतो, आणखी तापते. सेलवर सोल्डर कधीही करू नये. आत दोन पट्ट्यांना वेगळे ठेवणारा प्लास्टिकचा पापुद्रा असतो, तो १३० अंशांच्या आसपास वितळू लागतो, आणि सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांवर असते.

डब्याला भोके हवीत, हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. सेल बिघडला की पॉझिटिव्ह टोकाजवळच्या झडपेतून वायू सुटतो. त्याला वाट मिळाली तर फुसकारून निघून जातो. डबा बंद असेल तर तोच बॉम्ब. भोके सेलच्या दोन्ही टोकांपाशी, मोकळी, स्टिकरने न झाकलेली.

दोन सेल घालायचे तर ते एकाच जातीचे, एकाच वेळी घेतलेले आणि कायम जोडीने वापरलेले असावेत. समांतर जोडताना एक ४.२ वर आणि दुसरा ३.६ वर असेल तर भरलेला सेल रिकाम्यात दहाएक अँपिअर ओततो. आधी दोन्ही पूर्ण चार्ज करावेत. समांतर मॉडमध्ये एक सेल उलटा गेला तर दोघांचा सरळ शॉर्ट. होल्डरवर अधिक-उणेच्या खुणा ठळक रंगवाव्यात. एकामागे एक जोडले तर ८.४ व्होल्ट होतात, आणि एका सेलला चालणारी ०.३ ओहमची कॉइल २८ अँपिअर खेचते.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ मधल्या अशा १९५ घटना एकत्र केल्या आहेत. त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश घटनांत उपकरण किंवा सुटा सेल खिशात होता. किल्ली किंवा नाणे सेलच्या दोन टोकांना लागले की पुरे. सुटा सेल प्लास्टिकच्या डबीतच न्यावा. चार्जिंग सेल बाहेर काढून, ४.२ व्होल्टवर थांबणाऱ्या चार्जरमध्ये, एखाद-दोन अँपिअरने, समोर बसून करावे. २.५ व्होल्टच्या खाली बराच काळ पडून राहिलेला सेल पुन्हा जिवंत करायचा मोह टाळावा. त्यात तांबे विरघळून आत शॉर्टचे धागे तयार झालेले असू शकतात. असा सेल, किंवा पडून पोचा गेलेला सेल, दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्यावा, घरच्या केराच्या टोपलीत नाही.

आपला,
एक इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञ