देवळाच्या दारात एक प्लग द्या

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात गेल्या महिन्यात इलेक्ट्रिक स्कूटर घ्यावी की नाही यावर दोन-तीन पत्रं आली होती, एकाने लिहिलं होतं की ही गाडी भाजी आणायला ठीक, गावाबाहेर न्यायची नाही. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई, दोघींचं मिळून वय एकशे बावीस, आम्ही दिवाळीनंतर इलेक्ट्रिक स्कूटरवर अष्टविनायक केलं. चिंचवडहून. दोन हप्त्यांत, आधी सहा गणपती मग घरी येऊन चार दिवस पाय चेपून घेतले आणि मग महड-पाली. एकूण सहाशेच्या थोडं वर किलोमीटर झाले. म्हणजे नेता येते गावाबाहेर, पण कशी नेता येते आणि कुठे अडतं ते सांगायचंय.

आधी घरातलं भांडण सांगते. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत, त्यांनी आणि मामंजींनी १९८४ साली चेतकवर अष्टविनायक केलेलं. त्यांचं म्हणणं, यात्रा शास्त्राप्रमाणे मोरगावला सुरू करायची, मग सिद्धटेक, मग पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव आणि शेवटी परत मोरगावला येऊन संपवायची. मी नकाशा घेऊन बसले तर सिद्धटेकहून थेट पाली म्हणजे दौंडच्या पलीकडून उठून घाट उतरून कोकणात जायचं, एका चार्जिंगवर शक्यच नाही, मधे मुक्काम धरावा लागतो. मी म्हटलं आई, बॅटरीचं शास्त्र वेगळं आहे. त्या म्हणाल्या, आमच्या वेळी डिकीत पेट्रोलमध्ये घालायच्या टू-टी ऑइलचा डबा होता, स्कूटर बंद पडली की आडवी करून परत उभी करायची आणि किक मारायची, तरी आम्ही शास्त्र सोडलं नाही. यावर बोलायला काही नव्हतंच, मग असं ठरलं की पहिला मोरगाव आणि शेवटचा मोरगाव एवढं पाळायचं, मधले जसे सोयीचे तसे. शेवटचा मोरगाव अजून राहिलाय, माघात गणेश जयंतीच्या आसपास जाणार आहोत.

आता प्लॅनिंग. कंपनी दीडशे किलोमीटर सांगते ते विसरायचं. दोन बायका, एक बॅग, चार्जर (डिकी त्यानेच भरते, साड्या पाठीवरच्या सॅकमध्ये) आणि पंचेचाळीसचा स्पीड एवढं धरून आमच्या गाडीला साधारण शंभर किलोमीटर मिळतात, म्हणजे एक किलोमीटरला एक टक्का, हिशोब एकदम सोपा. फक्त घाट आला की हिशोब मोडतो. दिवेघाट चढताना टक्के असे उतरले की जाऊबाई मागे अथर्वशीर्ष म्हणत होत्या ते म्हणता म्हणता मधेच "एकाहत्तर... अगं सत्तर" असं सुरू झालं. पुढे सहा दिवस हेच, देवाचं नाव आणि टक्के आलटून पालटून.

चिंचवडहून हडपसर, दिवेघाट, सासवड, जेजुरी करत मोरगावला पोचलो तेव्हा सतरा टक्के उरले होते. बॅटरी साधारण साडेतीन युनिटची आहे, घरचा चार्जर साडेसातशे वॉटचा, म्हणजे शून्यापासून फुल करायला पाच तास. दर्शन, पोटपूजा आणि सावलीत आडवं होणं यात तीन तास जातात, तेवढ्यात साठ टक्के होतात. हे सगळं मी वहीत मांडून ठेवलं होतं. वहीत फक्त एकच गोष्ट मांडता आली नव्हती, की प्लग कुठे मिळणार.

मोरगावला एका खानावळवाल्या मावशींनी दिला. आधी त्यांनी विचारलं, "माझ्या मिक्सरपेक्षा जास्त ओढतं का?" मी म्हटलं, इस्त्रीएवढं ओढतं. "मग लावा की" म्हणाल्या आणि आतल्या खोलीतून स्वतः वायर ओढून दिली. जाताना पैसे घेत नव्हत्या, चाळीस रुपये बळंच हातात ठेवले. मोरगावहून सुपे, चौफुला, दौंड करत संध्याकाळी सिद्धटेक. सासूबाईंच्या वेळी दौंडच्या बाजूने गेलं की शिरापूरला स्कूटर काठावर ठेवून नावेतून भीमा ओलांडायची, आता पूल आहे, दहा मिनिटांत पलीकडे. रस्ते सुधारले यात वादच नाही.

आता अडतं कुठे ते. एका ठिकाणी (नाव लिहीत नाही, देवाच्या दारातली गोष्ट आहे) भक्तनिवासात खोली घेतली, पैसे भरले आणि मग चार्जिंगचं विचारलं तर मॅनेजर म्हणाले चालणार नाही, लाइटबिल वाढतं. मी म्हटलं दादा, तुमच्या प्रत्येक बाथरूमला दोन हजार वॉटचा गिझर आहे, माझा चार्जर त्याच्या निम्माही नाही, अख्खी गाडी फुल केली तरी चार युनिट जातात, पंधरा रुपयांनी धरलं तरी साठ रुपये, मी शंभर देते. मग लावू दिलं. सकाळी पाचला उठून बघते तर एक्केचाळीस टक्के! रात्री कोणीतरी आमचा प्लग काढून पाण्याची मोटर लावली होती आणि परत लावायचं राहून गेलं. कोणावर ओरडणार, मोटर पण भाविकांच्याच अंघोळीची. पण त्या दिवशीचा सगळा प्लॅन बोंबलला, दुपारी एकच्या पुढे निघालो आणि अंधारात पोचलो.

दुसऱ्या एका मुक्कामी चार्जर लावला की लाल दिवा. तिथले गृहस्थ लगेच म्हणाले गाडीतच प्रॉब्लेम आहे, चायनाचा माल असणार. मी दुसऱ्या सॉकेटला लावून बघितलं, तिसऱ्याला लावून बघितलं, सगळीकडे लाल. शेवटी गावातला वायरमन पोरगा आला, वीस-बावीसचा असेल, त्याने होल्डरला दोन वायरी जोडलेला बल्ब काढला, एक टोक फेजला आणि दुसरं अर्थिंगच्या भोकात, तर बल्ब पेटेचना. बोर्ड उघडला तर मागे अर्थिंगची वायर कुठे जोडलेलीच नव्हती, तिसरं भोक नुसतं शोभेला. त्या गृहस्थांनी सुचवलं की न्यूट्रलमधूनच एक तुकडा अर्थला मार आणि सोड, पोरगा म्हणाला, "नाही काका, कधी न्यूट्रल सुटली तर बाईंच्या गाडीच्या बॉडीला करंट येईल." आणि त्याने पंपाच्या खोलीतून वेगळी अर्थिंग ओढून आणली, पंचवीस फूट. दिवा हिरवा झाला तेव्हा जाऊबाईंनी त्याला आमच्या डब्यातले दोन लाडू दिले. म्हंजे बघा, आमची गाडी नखरे करत नव्हती, ती सांगत होती की या इमारतीला अर्थिंग नाहीये, आणि त्याच इमारतीत रोज शे-दीडशे माणसं गिझर लावून अंघोळ करतात.

नकार देणाऱ्यांची बाजू मला कळत नाही असं नाही. २०२२ साली स्कूटर पेटल्याचे व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर आले होते. त्यानंतर सरकारने बॅटरीचे नियम कडक केले, पण व्हिडिओ बघितलेला माणूस नियम वाचत नाही. आणि भीती अगदीच खोटीही नाही, कारण लोक काय करतात तर पहिल्या मजल्याच्या खिडकीतून बारीक एक्स्टेंशन वायर खाली सोडतात आणि रात्रभर तिच्यावर गाडी लावतात, ती वायर हाताला चटका बसेल इतकी तापते. गाडी उन्हातून आल्या आल्या लगेच लावतात, अर्धा तास थंड होऊ द्यायची असते तेवढा धीर नसतो. लॉबीत, जिन्याखाली लावतात, जिथून माणसांना बाहेर पडायचा एकच रस्ता असतो. हे बंदच करायला पाहिजे. पण ते "चार्जिंग करू नये" असा बोर्ड लावून बंद होत नाही, लोक चोरून करतात. पार्किंगमध्ये उघड्यावर एक पत्र्याची शेड, चार पंधरा अँपिअरचे सॉकेट, प्रत्येकाला एमसीबी (जास्त करंट ओढला की आपोआप पडणारा स्विच), नीट अर्थिंग आणि एक सबमीटर, एवढं केलं की बंद होतं.

माझं संस्थानांना एवढंच मागणं आहे. मला फास्ट चार्जर नकोय. फास्ट चार्जर हायवेवर दिसतात पण बहुतेक कारसाठी, त्यांची गन, म्हणजे गाडीत खुपसायचं टोक, आमच्या स्कूटरला बसत नाही. स्कूटर कंपन्यांचे आपापले वेगळे, एकाचा दुसऱ्याला लागेलच असं नाही, २०२३ मध्ये हलक्या गाड्यांच्या कनेक्टरचं भारतीय मानक आलं तरी सगळे अजून एका रांगेत आलेले नाहीत. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं म्हटलंय, चांगलंच आहे, पण गणपती काही सगळे महामार्गावर बसलेले नाहीत. साधा तीन पिनांचा सॉकेट मात्र सगळ्या गाड्यांना चालतो, चार्जर आम्ही घेऊन येतो.

आणि देऊळ ही जागा चार्जिंगला इतकी बरोबर आहे की कोणाला सुचत कसं नाही याचं नवल वाटतं. लेण्याद्रीला जवळपास तीनशे पायऱ्या, आमच्या गुडघ्यांना चढून, दर्शन घेऊन, बसत बसत उतरायला अडीच तास लागले, तेवढा वेळ गाडी खाली नुसती उभी. लिंबू सरबताच्या प्रत्येक गाड्यावर बल्ब आहे, खेळण्यांच्या दुकानात लाइटच्या माळा आहेत, फक्त पार्किंगला वीज नाही. सिद्धटेकला टेकडीची प्रदक्षिणा घातली तर अर्धा तास त्यातच जातो. माणूस थांबतो तिथेच गाडी थांबते, पेट्रोल पंपावर कोणी अडीच तास थांबत नाही.

कोणी म्हणेल वीज विकायला लायसन लागेल. नाही लागत, गाडी चार्ज करून देणं ही वीजविक्री नसून सेवा आहे असं केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०१८ सालीच स्पष्ट केलंय. पावती फाडा आणि पैसे घ्या, आम्ही पार्किंगचे देतोच की. आमच्या सहाशे किलोमीटरला बावीस-तेवीस युनिट लागली, सगळीकडे पंधराचा दर लावला असता तरी सव्वातीनशे-साडेतीनशे, पेट्रोलच्या स्कूटरला हजार-बाराशे सहज गेले असते.

महड-पालीला जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, आम्ही चुकून शिकलो त्या. एक्सप्रेसवेवर दुचाकी चालत नाही, जुन्या रस्त्यानेच जायचं. मी लोणावळ्याला थांबून हौसेने बॅटरी शंभर टक्के केली आणि मग घाट उतरायला लागले. उतारावर ही गाडी स्वतःच थोडी चार्ज होते आणि त्याने स्पीडही धरला जातो, पण बॅटरी फुल असेल तर ती वीज ठेवणार कुठे, म्हणून ते होतच नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. अख्खा बोरघाट हात दाबून उतरले, खाली खोपोलीत बोटं सरळ होईनात. तिथे नव्वदलाच थांबवायची. आणि परत येताना घाट चढायचा आहे हे धरून पालीहून निघायचं, बल्लाळेश्वराच्या मागे सरसगड बघत बसलो आणि पंच्याहत्तर टक्क्यांवरच निघालो ते चुकलंच. घाटात मोटर तापून गाडीने स्पीड कमी केला, घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळापाशी वीस मिनिटं थांबलो, जाऊबाईंनी नाणं टाकलं, गाडी थंड झाली मग लोणावळा गाठला नऊ टक्क्यांवर. शिंग्रोबाने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली असं सांगतात, आम्हाला पण वर काढलं म्हणायचं.

महडला नंदादीप आहे, १८९२ पासून अखंड तेवतोय म्हणतात. कोणीतरी रोज तेल घालतं म्हणूनच ना. जाऊबाई तिथे हात जोडून उभ्या होत्या आणि मी, खोटं कशाला सांगू, भिंतीवर सॉकेट कुठे आहे का ते शोधत होते. तिकडे जाताना चतुर्थी टाळा हेही सांगते, अंगारकीला तर पाय ठेवायला जागा नसते, प्लग कोण देणार.

तुमच्याकडे एक मागणं. दरवर्षी गणपतीच्या पुरवणीत तुम्ही अष्टविनायकाचा नकाशा छापता, त्यात अंतरं असतात, मुक्कामाच्या जागा असतात, मोदक कुठे चांगले तेही असतं. यंदा त्यात एक रकाना वाढवा, स्कूटर कुठे लावू देतात. तुमच्या तालुक्याच्या वार्ताहरांनी एक एक फोन केला तरी होईल. ज्यांचं नाव येणार नाही ते पुढच्या वर्षी आपोआप सॉकेट बसवतील असा माझा अंदाज आहे.

आपली,
एक वाचक, चिंचवड

ता. क. हे पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणतात शेवटच्या मोरगावला मागे मी बसणार, जाऊबाईंनी एसटीने यावं. त्यांचं वजन जाऊबाईंपेक्षा वीस किलोने कमी आहे, त्यामुळे पोचताना पंचवीस टक्के तरी उरावेत.