मस्कोका म्हणजे एक तळं नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला कॅनडाच्या सहलीवरचा लेख वाचला. पानभर नायगारा, आणि शेवटी एकच ओळ: 'वेळ उरल्यास मस्कोका तलाव पाहावा.' तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलाय, त्यामुळे राहवलं नाही.

मस्कोका नावाचं सरोवर आहे, पण मस्कोका म्हणजे अख्खा प्रदेश. टोरांटोच्या उत्तरेला, गाडीने दोन-अडीच तासांवर. लहानमोठी मिळून तिथं सोळाशेच्या आसपास तळी मोजतात. त्यातली मस्कोका, रोसो आणि जोसेफ ही तीन मोठी. आमच्या सोलापूरच्या एकरुख तलावासारखं बांध घालून अडवलेलं पाणी नव्हे हे. हिमयुगातल्या बर्फाने खडक खरवडला आणि मागे राहिलेले खळगे पाण्याने भरले. खडकही आपल्यासारखा काळा नाही, तर गुलाबी-करडा आणि शंभर कोटी वर्षांहून जुना. त्यावर माती इतकी कमी की १८६८ नंतर सरकारने फुकट जमिनी देऊन वसवलेले शेतकरी मेटाकुटीला आले. मग त्यांच्यातलेच काही जण घरात पाहुणे ठेवू लागले.

आज काठावर दिसतात ती कॉटेजेस. नाव कॉटेज, पण काहींच्या नुसत्या होड्या ठेवायच्या घरात आमचं बिऱ्हाड मावेल! बराचसा काठ खाजगी असल्यामुळे पाहुण्याने गावाचा किनारा गाठावा किंवा बोटीत बसावं. मस्कोकातल्याच ग्रेव्हनहर्स्ट गावच्या धक्क्यावरून 'सेगवन' आगबोट सुटते. तिचा सांगाडा १८८७ सालचा, आणि अजून कोळशावर चालते. तिचा भोंगा वाजला आणि नातवाने माझ्या पदरात तोंड खुपसलं.

पण मला सांगायचंय ते पुढेच. याच ग्रेव्हनहर्स्टमध्ये १८९० साली डॉ. नॉर्मन बेथ्यून जन्मले. धक्क्यापासून जवळच त्यांचं जन्मघर जतन केलंय. चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करताना १९३९ साली रक्तात विष भिनून ते गेले. त्यांच्या नावाने तिथं जे रुग्णालय उभं राहिलं, त्याचे प्रमुख झाले आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. दोघांची भेट कधीच झाली नाही. कोटणीसही १९४२ साली, जेमतेम बत्तिसाव्या वर्षी, तिकडेच वारले.

त्या घरात चिनी पर्यटकांची गर्दी होती. मराठी आम्हीच. माझी मुलगी सात वर्षं टोरांटोजवळ राहते, तिलाही हे ठाऊक नव्हतं. आणि माझं काय? वर्गात कोटणीसांवर किती वेळा बोलले असेन, पण बेथ्यून कुठल्या गावचे, हे कधी नकाशावर शोधलं नव्हतं.

मुलांकडे टोरांटोला जाणारे आईवडील आता घरोघरी आहेत. त्यांच्यासाठी पुढच्या वेळी चार ओळी जास्त छापाव्यात, ही विनंती. मार्ग सोपा आहे: महामार्ग ४००, पुढे ११. मे-जूनमध्ये काळ्या माश्या फोडून काढतात आणि थंडीत तळी गोठतात. सप्टेंबरअखेर मेपलची पानं लाल होतात, तेव्हा जावं. बेथ्यून यांच्या घरातल्या अभिप्राय-वहीत मी नावापुढे ठळक अक्षरात 'सोलापूर' लिहून आले आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर